टोल कोणाच्या हाती

सहदेव सरांना अन्याय अजिबात खपत नसे. धामणगाव बढ्याजवळच्या एका शाळेत ते मराठी शिकवत, आणि गाण्याला वेगळा शिक्षक नसल्यामुळे गाणंही. मोटरसायकलच्या मागे दोरीनं बांधलेली पेटी आणि तोंडात समतेवरचं ताजं भाषण, असे ते रोज सकाळी यायचे. घरी बायको "आज ताटं तुम्ही उचला" म्हणाली, की मात्र त्यांना तपासायच्या वह्या आठवत.

यंदा आठवीला त्यांनी प्रकल्प दिला. डोळ्यांदेखत होणाऱ्या अन्यायावर गाणं रचायचं, वर्गात म्हणायचं, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. नियम एकच, "छान होतं" म्हणायचं नाही. मनात काय हललं ते सांगायचं.

शिवमच्या गटानं लग्नाच्या पंगतीवर गाणं केलं होतं. पोरांना शेवटी बसवतात, तोवर जिलबी संपते. सर गहिवरले.

मग कापडवाल्या बशीरभाईंची महनूर उभी राहिली. एकटीच, कारण तिचं गाणं ऐकून मैत्रिणींनी अंग काढून घेतलं होतं. महनूरला शाळेचा टोल द्यायचा होता. पाचवीपासून. व्हरांड्यात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला, शेजारी हातोडी. मधल्या सुट्टीला मोजके टोल, घरी सोडताना लांबलचक घणघणाट. पण सरांनी लावलेल्या पाळ्यांत पोरींकडे वर्ग झाडणं होतं आणि पोरांकडे टोल. तिनं मागितलं की सर मायेनं म्हणत, "हातोडी जड असते, बेटा."

सरांना एक खोड होती. गाणं पुरतं ऐकायच्या आधीच ते ध्रुवपद उचलत, पेटीवर बसवत आणि अख्ख्या वर्गाला गायला लावत.

"झाडू कोणाच्या हाती, टोल कोणाच्या हाती?" महनूरनं सुरुवात केली.

"वा! म्हणा रे सगळे!" सरांचाच आवाज सगळ्यांच्या वर.

"आम्ही झाडतो वर्ग, नाकात जाते माती,
पोट्टे मारती टोल, फुगवून छाती!"

"टोल कोणाच्या हाती?" सर डोळे मिटून रंगले होते.

महनूरनं एकदा सरांकडे पाहिलं. पण ती थांबली नाही.

"पाळ्या लावल्या कोणी? पेटी ज्याच्या हाती!"

पेटीचा भाता तेवढा फुस्सकन बसला.

"बोला," सर म्हणाले. शेवटी शिवम उठला.

"सर, टोल मारतो तवा मले लई भारी वाटते. हिले कसं वाटत असन, हे म्या कधी इचारलंच नाही."

"आता तुम्ही, सर," मागून निशिगंधा म्हणाली. "तुमच्या मनात काय हललं?"

सरांनी चष्मा पुसला. परत घातला. परत काढला.

"छान होतं."

वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

"नियम, सर, नियम!"

"बरं, चुकलं माझं. उद्यापासून पाळ्या बदलू."

"उद्यापासून काऊन, सर?" महनूर म्हणाली. "मधली सुट्टी तं आत्ताच होऊन राह्यली."

आज टोलाची पाळी शिवमची होती; सरांनी त्याच्याकडची हातोडी घेऊन तिच्या हातात दिली. "मोजकेच टोल हं, बेटा."

पाचवीपासूनची भूक मोजक्या टोलांत कशी भागावी? महनूर वाजवतच राहिली. लहान वर्गातली पोरं दप्तरं उचलून फाटकाबाहेर पडली. त्यांना पाहून आठवीचे पोट्टेही निघाले, झाडायची पाळी आजपासूनच लागते की काय, या धास्तीनं. सर फाटकापर्यंत धावले. "अरे थांबा, अजून अर्धी शाळा बाकी आहे!" कोण ऐकतंय!

घामाघूम होऊन ते वर्गात परतले. जमिनीवर कागदाचे बोळे, आणि दारात हातोडी घेतलेली महनूर.

"जड नाही हो, सर."

सरांनी मुकाट्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"बाकाखालचं राह्यलं, सर."

सर वाकले. तिचं ध्रुवपद मात्र त्यांच्या ओठांवर असं बसलं होतं, की झाडता झाडता तेच गुणगुणत होते.