आधी नाही म्हणून दाखव

आमच्या विहीणबाईंसारखी नकारावर खूश होणारी बाई उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायची नाही. नर्सची नोकरी संपली, पण नर्सपणा काही संपला नाही. धाड गावच्या बाजारात कोणी लंगडताना दिसला, की भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबून त्याचा पाय तपासायला खाली बसतात. मी उभी आपली वांगी सांभाळत!

साखरेच्या आजाराचा अभ्यास करायला मेडिकल कॉलेजची पोरं घरोघर फिरत होती, तेव्हा मी नेहमीसारखं सांगितलं, धाकटा भाऊ सुरतेला कामाला आहे. विहीणबाई शेजारीच बसलेल्या. "खोटं काऊन सांगता? जेलात हाय म्हना ना!" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या मात्र त्यातल्या एका डॉक्टर पोराकडे वळल्या. "जेलातल्याइले साखर होत नाही का?"

"आजी, यादीत फक्त घरं आहेत."

"मंग ते काय झाडाले लागले बे? त्याइले घर नाही?"

अर्जांवर अर्ज करून त्यांनी जेलातल्यांनाही अभ्यासात घ्यायची परवानगी आणली, आणि मदतीला स्वतःही गेल्या. तिथं वेगळीच पंचाईत. 'अभ्यासात नाव लिहू का' हा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच जो तो कैदी "हो सिस्टर!" जेलात हो म्हणायचीच सवय ना. बाईंनी कागद मिटला. "असं हो मले नाही चालत. आधी नाही म्हनून दाखव." भल्या मोठ्या मिशीवाल्याला घाम फुटला. मग शिपायाला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा भाईर थांबा. तुमच्यासमोर त्याचं 'नाही' निंघत नाही." ही खोड पुढं घरीही आली. आमच्या ह्यांनी गमतीनं चहाला नाही म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत चहा नाही.

माझ्या भावाचे पाय बधिर पडत चालले होते. मी हात जोडले, काही करा पण त्याचं नाव लिहा. तर तो सरळ "नाही" म्हणाला, आणि ह्या खुशाल परत आल्या! मी भांडले.

"गोया-औषध त्याच्या हक्काचं, ते तिथल्या डॉक्टरले सांगून चालू केलं. पन नाव त्याचं हाय, विहीणबाई. तुमचं नाही, माह्यंही नाही."

पंधरा दिवसांनी त्यानंच त्यांना हाक मारली. "सिस्टर, याच्यानं मले काय भेटन?"

"तुले काहीच नाही. पुढं कोनाले तरी भेटन."

 तो म्हणाला, "मंग लिहा. पन मी सांगतो तसंच लिहा." आणि तासभर बोलत राहिला. पाय कधी बधिर झाले, झोप कशी उडाली, सगळं.

हे मला विहीणबाईंकडून कळलं. सहा वर्षं भेटीला जाते मी. जाळीतून त्याला एकच विचारत आले, जेवला का.