दोन फेऱ्यांच्या मधली सकाळ

पिंपळवंडीच्या साळुबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या ह्यांना आताशा कमी ऐकू येतं. एकदा एवढं सांगितलं की पुष्कळ गोष्टी झाकल्या जात. हौशीरामांनी विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं, किंवा रोजच्या माणसाकडं ते परक्यासारखे बघत राहिले, तर समोरचा तोच प्रश्न मोठ्यानं ओरडून विचारी आणि तेवढ्यात साळुबाई मधे पडून उत्तर देऊन टाकी. खरं म्हणजे हौशीरामांचे कान चांगले तिखट होते. रात्री उसात जनावर हललं तरी त्यांना घरातून कळायचं. विसर पडत होता तो माणसांचा, वारांचा आणि वाटांचा.

साळुबाईला ते झाकावंसं वाटे, कारण तिचा नवरा साधा माणूस नव्हता. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊभाऊ खोरी उगारून समोरासमोर आले, तर लोक हौशीरामांना बोलावून आणत. नारायणगावच्या बाजारात त्यांच्या टोमॅटोच्या कॅरेटमध्ये व्यापारी हात घालून बघत नसत. जसा वरचा माल तसाच खालचा, असा त्यांचा लौकिक होता. अशा माणसाकडं बघून उद्या पारावर बसलेली पोरं एकमेकांना डोळा मारतील, हे तिला सोसणारं नव्हतं. म्हणून ती सावलीसारखी त्यांच्यामागं असे. शेजारच्या मळ्यातले चिमाजी, हौशीरामांचे लहानपणापासूनचे सोबती, संध्याकाळी गप्पा मारायला आले तरी ती चुलीजवळून एक कान ओट्याकडं ठेवून बसायची. माहेरी, आणे गावाला, तिची बहीण सरूबाई आजारी पडली, तेव्हाही साळुबाई गेली नाही. कांदा काढायला आलाय, असं तिनं कळवून टाकलं.

मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत होता. त्यानं आईवडलांना मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या बोटीच्या सहलीला न्यायचं ठरवलं. तो, त्याची बायको समृद्धी आणि हे दोघं. तेव्हा साळुबाईनं कधी नव्हे ते तोंड उघडून मागितलं. हीच बोट परत आली की लगेच लक्षद्वीपला जाते म्हणतात, तिथंही आम्ही दोघं जाऊ, असं ती म्हणाली. सुदर्शनला नवल वाटलं. तुमच्याबरोबर कोणी नसेल, तुम्ही कंटाळाल, असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. तिनं हेका सोडला नाही. मनातलं कारण ती त्याला सांगू शकत नव्हती. हौशीराम अजून तिला ओळखत होते. पुढच्या वर्षी ओळखतील की नाही, ठाऊक नव्हतं.

गोव्याची फेरी तिनं निभावून नेली. हौशीराम बोटीवर खूश होते. रेलिंगला धरून पाण्याकडं बघत राहायचे. सुदर्शन काही विचारायला लागला, की साळुबाई कानाला हात लावून खूण करायची आणि स्वतःच बोलायची.

पण फेरी संपल्यावर मुंबईला काय होणार, हे तिला परतीच्या संध्याकाळी कळलं. बोटीवरच्या मदतीच्या टेबलापाशी प्रज्ञा नावाची एक बाई होती, घोडेगावची. साळुबाईचं बोलणं ऐकून तिनंच ओळख काढली होती. पुढच्या फेरीलाही थांबणाऱ्यांनी सकाळी काय करायचं, ते तिनं नीट समजावलं. खोली तीच राहील, सामान हलवायचं नाही. पण बोट एकदा पूर्ण रिकामी झाल्याची नोंद व्हावी लागते, म्हणून थांबणाऱ्यांनाही खाली बंदरावरच्या इमारतीत उतरावं लागतं. तिथं सगळ्यांनी एकत्र बसायचं, नवीन कार्ड घ्यायचं, तपासणी झाली की एकत्रच परत चढायचं. ही माणसं चढल्याशिवाय नव्या प्रवाशांना आत घेत नाहीत.

“एकत्र ऱ्हायचं, एवढंच ध्यानात ठेवा मावशी,” प्रज्ञा म्हणाली. साळुबाईनं मान हलवली, आणि त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

सकाळी बोट धक्क्याला लागली, तेव्हा वाटा बॅगांनी भरून गेल्या होत्या. खोल्यांची दारं उघडी टाकून कामगार चादरी ओढून काढत होते. तीन दिवसांत हौशीरामांच्या सवयीची झालेली जागा पार बदलून गेली. ते दारात थबकले आणि आपण कुणाच्या लग्नाला आलोय का, असं त्यांनी हळूच विचारलं. सुदर्शन आणि समृद्धी पाया पडून निघाले. साळुबाईनं हसून निरोप दिला. मुलगा जिन्याकडं वळला, तेव्हा त्याला हाक मारावी असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

खालच्या इमारतीत एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. थांबणारी माणसं फार नव्हती. प्रज्ञानं सगळ्यांना बसवलं, कार्डं वाटली आणि तपासणीला थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं. साळुबाई नवऱ्याचं मनगट धरून बसली होती. जरा वेळानं हौशीराम लघवीला जायचं म्हणाले. ती त्यांना दारापर्यंत घेऊन गेली. आत तिला जाता येत नव्हतं. ती दाराला डोळे लावून उभी राहिली.

आतून माणसं येत होती, जात होती. हौशीराम येईनात. शेवटी तिनं एका गृहस्थांना विनवलं, की आत धोतर आणि पांढरी टोपी घातलेले कोणी आहेत का बघा. ते आत जाऊन आले आणि म्हणाले, आत कुणीच नाही. पलीकडूनही एक दार आहे, तिकडून गेले असतील.

ती वळसा घालून पलीकडं धावली. तिकडं उतरलेल्या प्रवाशांचा लोंढा बाहेरच्या फाटकाकडं चालला होता. शेकडो पाठी. त्यात एकही टोपी नव्हती. हाक मारावी, तर नवऱ्याचं नाव जन्मात तिच्या तोंडातून गेलं नव्हतं. ती नुसतीच “अहो, अहो” करत गर्दीतून फिरली. लोक तिच्याकडं बघून बाजूला सरत होते.

त्याच वेळी खरं तर तिनं कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांची सवय अशी सुटत नाही. आत्ता सापडतील, मग कुणाला कळायचंही नाही, या आशेवर ती खुर्च्यांपाशी परत आली. प्रज्ञा माणसं मोजत होती. एक कमी भरत होतं. काका कुठं आहेत, असं तिनं विचारलं, तेव्हा साळुबाईनं सांगून टाकलं, की चहा प्यायला गेलेत, येतीलच. आणि पदरानं तोंड पुसत ती पुन्हा दुसऱ्या दाराकडं गेली. तिकडं काचेपलीकडं रस्ता दिसत होता, ट्रक आणि टॅक्सी धावत होत्या. हौशीराम त्या रस्त्यावर असतील, या विचारानं ती काचेला कपाळ टेकवून एकेक माणूस न्याहाळू लागली.

ती परत आली तर तपासणी उरकून सगळे उठून उभे होते. बाहेर नव्या प्रवाशांची रांग लागली होती, त्यांची लहान मुलं रडत होती. एका माणसाच्या पायी किती वेळ थांबायचं, असं थांबलेल्यांपैकी कुणीतरी बोललंच. प्रज्ञानं विचारलं, चहाचं दुकान कुठलं, मी माणूस पाठवते. साळुबाईनं तोंड उघडलं. दुसरं खोटं तयार होतं. पण ते निघेना.

“बाई, त्यांना विसर पडतो,” ती म्हणाली. “लई दिस झालं. कानाचं सगळं खोटं. माझ्या पोरालाबी म्या सांगितलं न्हाई. कुठं गेलं मला ठावं न्हाई.”

हे शब्द तिनं उभ्या जन्मात पहिल्यांदा उच्चारले होते. आता ही बाई आपल्याला फाडून खाईल, असं तिला वाटलं. प्रज्ञाचा चेहरा उतरला खरा, पण ती ओरडली नाही. तिनं फाटकावरच्या शिपायांना फोन करून टोपीवाल्या म्हाताऱ्याला बाहेर सोडू नका म्हणून कळवलं. फाटकावरून उत्तर आलं, की असा कोणी बाहेर गेल्याचं आठवत नाही, पण गर्दी फार होती. मग तिनं साळुबाईला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली.

“मावशी, गावाकडं असे कुठं निघून जायचे का?”

साळुबाईनं डोळे मिटले. गेले होते. एकदा पहाटे हायवेवर जाऊन उभे राहिले होते, एकदा दुपारी. दोन्ही वेळा नारायणगावची गाडी बघत होते. माल गेलाय, व्यापाऱ्याकडून हिशेबाची पट्टी आणि पैसे आणायचे आहेत, असं म्हणत होते.

“बाजारात,” ती म्हणाली. “त्यांना माल दिसला का तिकडं पाय वळत्यात. हितं माल कुठं उतरवत्यात?”

प्रज्ञा उठलीच. नव्या प्रवाशांच्या बॅगा एका मोठ्या शेडमध्ये गोळा करून तिथून बोटीवर चढवत. दोघी तिकडं निघाल्या. साळुबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, तशी तिनं चपला हातात घेतल्या.

शेडमध्ये बॅगांच्या रांगाच रांगा होत्या. मधोमध एक सुरक्षारक्षक आणि दोन हमाल कुणाला तरी घेरून उभे होते. रक्षकाचा आवाज चढलेला होता. ही कुणाची बॅग, तू इथं कसा आलास, असं तो हिंदीत विचारत होता, आणि हौशीराम त्याच्याकडं लक्ष न देता एक जड बॅग उचलून दुसरीवर रचत होते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. रक्षकानं त्यांचं मनगट धरलं. हौशीरामांनी हिसडा दिला. रक्षकाचा दुसरा हात कमरेच्या काठीकडं गेला.

“थांबा,” प्रज्ञा लांबूनच म्हणाली आणि धावली. तिनं रक्षकाला बाजूला घेतलं.

हौशीरामांनी बायकोला पाहिलं. त्यांचे डोळे भेदरलेले होते, पण आवाज जुनाच होता, बाजारातला.

“बघ की, कुणाच्याच कॅरेटवर नाव न्हाई. आपला माल कुठला, कसं कळायचं?”

हे बंदर आहे, तुम्ही मुंबईला आहात, असं एरवी साळुबाई कदाचित म्हणाली असती. त्या क्षणी तिनं त्यांच्या हातातली बॅग हळूच खाली ठेवली.

“आपला माल कवाच गेला,” ती म्हणाली. “चांगला भाव मिळाला. चला आता, च्या घेऊ.”

हौशीरामांच्या खांद्यांतला ताठा गेला. त्यांनी टोपी नीट केली आणि तिच्याबरोबर चालू लागले.

पण ते एवढ्यावर भागलं नाही. प्रज्ञानं सरळ सांगितलं, की आता हे माहीत झाल्यावर मला झाकून ठेवता येणार नाही. बोटीचे डॉक्टर बघतील, ते नको म्हणाले तर तुमच्या बॅगा खोलीतून उतरवाव्या लागतील. डॉक्टर हौशीरामांना घेऊन पडद्यामागं गेले. साळुबाई बाहेर बसून राहिली. मग तिनं फोन काढला आणि सुदर्शनला लावला. तो पनवेलच्या पुढं पोचला होता. तिनं काहीच आडपडदा ठेवला नाही.

“मला का नाही सांगितलंस, आई?” तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा होता आणि रडवेलाही होता. मी गाडी वळवतो, तुम्ही तिथंच बसा, असं तो पुढं म्हणाला. मागून समृद्धी काहीतरी बोलत होती.

साळुबाईला वाटलं, सोपं झालं. तो येईल, घेऊन जाईल. मग तिनं पडद्याकडं बघितलं. आत डॉक्टर वार विचारत होते. हौशीरामांना सांगता येत नव्हतं. साल विचारलं, तेही आलं नाही. बाहेर बसलेली बाई कोण, असं विचारल्यावर मात्र लगेच उत्तर आलं.

“ती साळू हाये. तिला दर्या बघायचा हाये.”

दर्या बघायची ही हौस आपण कुणाजवळच बोललो नाही, असं तिला वाटत होतं. नवऱ्याजवळ कधी बोलली असेल, तिला आठवेना.

“वळू नको,” ती फोनमध्ये म्हणाली. “डाक्टर नको म्हनले तर तुला बोलावते. हो म्हनले तर आमी जाणार. आलो का तू म्हनशील त्या दवाखान्यात जाऊ. पन ही फेरी मला पायजे, सुदर्शन.”

डॉक्टर बाहेर आले. तब्येत ठीक आहे, पण एकट्यानं कुठंही जाऊ द्यायचं नाही, गळ्यात नाव आणि खोलीचा नंबर लिहिलेलं कार्ड सतत हवं, आणि खोली सांभाळणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक हवं, असं त्यांनी बजावलं. कागदावर सही मागितली. साळुबाईनं सही केली.

अखेर ती दोघं चढली. खोळंबलेली माणसं वाटेत उभी होती. मघाशी कुरकुरलेल्या गृहस्थांनीच हौशीरामांना पुढं जागा करून दिली. दुपार कलल्यावर बोट हलली. लक्षद्वीपपर्यंत हौशीरामांनी कुठं चाललोय हे पुन्हापुन्हा विचारलं. एका पहाटे ते खोलीचं दार उघडायला धडपडत होते, तेव्हा ती घाबरून गेली. तरी निळ्या, तळ दिसणाऱ्या पाण्यात दोघं गुडघाभर उभी राहिली, आणि हौशीराम तिचा हात धरून लहान माशांकडं बोट दाखवत होते.

परत आल्यावर सुदर्शननं वडलांना पुण्याला डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली; आजार काही मागं फिरला नाही. गावात कळायचं ते कळलं. एकदोघं हसलीही असतील. पण चिमाजी ऐकून दुसऱ्याच दिवशी आले आणि साळुबाईवर चिडले, की मला आधी का नाही सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी ते हौशीरामांना आपल्या मळ्यात घेऊन जातात. तिथं मोकळी कॅरेट असतात. हौशीराम ती रचतात, चिमाजी बिडी ओढत शेजारी बसतात.

गेल्या महिन्यात साळुबाई आण्याला सरूबाईकडं जाऊन आली. एक रात्र राहिली; घरी हौशीरामांजवळ चिमाजी निजायला आले होते. रात्री ती एकदा दचकून उठली, शेजारी चाचपून पाहिलं, मग आपण कुठं आहोत हे ध्यानात आल्यावर पुन्हा निजली आणि उजाडेपर्यंत उठली नाही.