मनगटाला गुंडाळलेले पट्टे

आमच्या सोसायटीतली पाच कुत्री फिरवणारा दत्ता पाचही पट्टे मनगटाला गुंडाळायचा. मुठीतून सुटतात, म्हणायचा. आज सकाळी फाटकासमोर एक भटका कुत्रा गुरगुरला आणि पाचही एकदम झेपावली. दत्ता डांबरावर आपटला. पट्ट्यांच्या पिळात म्हाताऱ्या पामेरियनचा गळा आवळला. बिथरलेली बाकीची चार त्या पामेरियनलाच फाडू लागली.

“अरे सोड की, मर्दा!” फाटकाशेजारचे शहाळेवाले काका ओरडले.

“सुटत नाहीत हो काका! कापा!”

काकांनी रक्ताळलेल्या मनगटापासून बोटभर अंतरावर पट्ट्यांवर कोयता घातला. सांभाळणाऱ्या हाताला उघडताही यावं लागतं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

मोकळी झालेली चारही कुत्री पळाली नाहीत. दत्ताला खेटून धापा टाकत उभी राहिली. पामेरियन उठला नाही.