निळ्या काठाचा मग

परवा मँचेस्टरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये निळ्या काठाचा इनॅमलचा मग दिसला आणि मला नैरोबी आठवलं. दोन हजार सातच्या ख्रिसमसच्या सुट्टीत मी तिथे ताईकडे गेले होते, आणि निवडणुकीच्या निकालावरून शहर पेटलं. दुकानं बंद, रस्त्यात जळते टायर, त्यांचा धूर थेट स्वयंपाकघरात. आम्ही फाटकाला कुलूप लावून घरात बसलो. तिसऱ्या दिवशी दूध संपलं, आणि ताईच्या केनियन कामवाल्या बाई त्या जाळपोळीतून चालत आल्या, शालीखाली दुधाच्या दोन पिशव्या लपवून. “देवासारखी आली गं!” ताईचे डोळे भरून आले. तिनं लगेच आलं घालून चहा टाकला. आम्हाला कपबशीत दिला, आणि बाईंना नेहमीसारखा सिंकखालच्या त्यांच्या वेगळ्या मगात. त्या तो घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. ‘ताई, आज तरी कपात दे ना’ हे अगदी ओठांवर आलं होतं. आता इथल्या हॉस्पिटलात ड्यूटीवर असताना वॉर्डात कुणी पेशंट माझ्या रंगावरून बोलला, की मी तडक कम्प्लेंट करते. त्या दिवशी मात्र बाईंनीच आणलेल्या दुधाचा चहा मी टेबलाशी बसून प्यायले, वर ‘आलं छान लागलंय’ असंही म्हणाले.