चंद्रावतीचं पद, हरिश्चंद्राची बारी

माझी सासू चंद्रावती गोड बाई होती असं मी म्हणणार नाही. ती गेल्यावर शेजारणी येऊन तिचे गुण गात होत्या तेव्हा मी चूल फुंकत गप्प बसले होते. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातचं बांगड्याचं सार तिने परसात ओतून टाकलं होतं. तिरफळं जास्त झाली म्हणे. त्यानंतरची सगळी वर्षं आम्ही एका छपराखाली एकमेकींना घालूनपाडून बोलत काढली. पण तिच्या धाकट्या भावाचा, हरिश्चंद्रबुवाचा, मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि त्याच्यापुढे सासूवरचा राग म्हणजे काहीच नव्हे.

आम्ही मालवणजवळच्या सर्जेकोटची. सासरे आणि माझा नवरा दोघेही मुंबईला गोदीत कामाला, वर्षातून एकदा शिमग्याला यायचे. घर आम्ही दोघी चालवायचो, म्हणजे मासे विकून. पहाटे होड्या लागल्या की टोपल्या भरायच्या आणि डोकीवर घेऊन कट्ट्याच्या बाजाराला चालत सुटायचं. तीन तासांची चाल. त्या वाटेवर जुन्या लोकांनी चिऱ्याचे सात ओटे बांधून ठेवले होते, छातीएवढ्या उंचीचे. एकटी बाईसुद्धा ओट्याला टेकून टोपली सरकवून ठेवू शके, घटकाभर मान मोकळी करी आणि पुन्हा आपली आपण डोकीवर घेई. सातव्या ओट्यानंतर मात्र बाजार येईपर्यंत काही नाही. तिथे टोपली उतरवायची तर जमिनीवर, आणि मग उचलताना दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. बाजार जवळ आल्यावर तो हात कोण देणार? जी ती आधी पोचायला बघते. म्हणून शेवटचा पाऊण तास मान मोडली तरी टोपली उतरवायची नाही, हे मला सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्थात शिव्या घालूनच.

ती चालता चालता पदं जुळवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पायांचा ताल धरून ती पुटपुटत राही, मध्येच एखाद्या गिऱ्हाइकाला झापून काढी, आणि पुन्हा पुढची ओळ धरी. तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, त्यामुळे रात्री दिव्यापाशी बसून ती सांगे आणि मी लिही. मग हरिश्चंद्र यायचा आणि कागद घेऊन जायचा.

हा हरिश्चंद्र पंचक्रोशीत भजनी बुवा म्हणून मिरवायचा. केसांना तेल, खांद्यावर जरीकाठी उपरणं, बोटात अंगठी. आवाज चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण डोक्यात स्वतःची एक ओळ नव्हती. अभंग असो, गौळण असो, पदाच्या शेवटी ज्याने ते रचलं त्याचं नाव गुंफायची रीत आहे. माझी सासू सांगे "चंद्रा म्हणे", मी तसंच लिही, आणि देवळात तो गाई "हरी म्हणे". वीस वर्षं हेच चाललं होतं. लोक माना डोलवत, बुवाच्या जिभेवर सरस्वती नाचते म्हणत. सरस्वती बिचारी तेव्हा कट्ट्याच्या वाटेवर घामाने निथळत असायची.

एकोणसाठ साली सावंतवाडीत तीन रात्रींचं मोठं भजन संमेलन भरलं. पहिल्याच रात्री हरिश्चंद्राची आरोंद्याच्या धोंडूबुवाशी डबलबारी ठरली. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने गाणार, एकमेकांच्या पदांवर प्रश्न विचारणार, आणि ज्याला उत्तर येणार नाही तो हरणार. त्याला नवी कोरी गौळण हवी होती. तो आमच्या ओसरीवर येऊन बसला तेव्हा सासू सुपातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझा नाव घालशीत तर पद देतंय. नायतर रिकामो जा."

"बाय, बायल माणसाचा नाव भरसभेत? लोक हसतले गो."

"वीस वर्षां माझ्या पदार माना हलवतत, तेवां कोण हसलो?"

त्याने खूप गोडीगुलाबी केली, मग आवाज चढवला, मग उठून जायचं नाटक केलं. ती ढिम्म. शेवटी म्हणाला, "बरा, बरा. घेईन."

"तसा नाय. रवळनाथाची आण घे."

"रवळनाथाची आण. तुझा नाव घेईन."

मी समोर होते. माझ्या कानांनी ऐकलं. मग तिने पद सांगितलं आणि मी लिहिलं. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेली गौळण होती, पण वाट सगळी कट्ट्याची होती:

सात ठायी उतरली हंडी, आठव्या ठायी उतरेना,
मथुरा दिसते डोळ्यांपुढती, माथा मोकळा होईना.

भजनी मंडळी ट्रकने जाणार होती. त्यात आम्हाला जागा असल्याचं कुणी बोललं नाही, आणि सासूनेही विचारलं नाही. माझं नाव घेतो की नाही ते मी स्वतःच्या कानांनी ऐकणार, एवढंच तिचं म्हणणं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती निघाली आणि मला बरोबर घेतलं, कारण पाटी वाचायला कुणीतरी हवं होतं. मालवणच्या स्टँडवर एसटीत चढलो तर कंडक्टरने नाकाला रुमाल लावला.

"मागे जाऊन बसा. पुढे वास येतो."

"तिकिटाक वास येता काय रे? मगे गप ऱ्हव," सासू म्हणाली, आणि पुढच्याच बाकावर ऐसपैस बसली. शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली. आम्ही दोघींनी डोकीवरून न्हाऊन घेतलं होतं, तरी तिने पदर नाकाला लावला. कुडाळपर्यंत सासू त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि त्या एका प्रवासात मला ती आवडली.

संमेलनाचा मांडव एवढा मोठा मी तोवर पाहिला नव्हता. बायकांसाठी डाव्या अंगाला दोरी बांधलेली. पुढे वकील-डॉक्टरांच्या बायका सतरंजीवर, आम्ही मागे मातीवर, असं एका स्वयंसेवकाने बजावलं. सासूने त्याच्याकडे पाहिलं आणि थेट दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. त्याची दुसऱ्यांदा बोलायची छाती झाली नाही. आधी स्वागताची भाषणं झाली, ती संपता संपेनात. मग कोल्हापूरकडच्या कुणी गृहस्थाने तासभर पेटी वाजवली. वाजवली सुरेख, पण प्रत्येक वेळी टाळ्या पडायची वाट बघत थांबायचा. मग दोन मुली नाटकातली पदं गायल्या. सासूला यातलं काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. ती पडद्याच्या कडेकडे बघत होती.

बारी सुरू झाली तेव्हा दहा वाजून गेले होते. पहिली पाळी हरिश्चंद्राची. अभंग झाला आणि त्याने गौळण धरली. मी खोटं बोलणार नाही, तो त्या रात्री जीव ओतून गायला. काशीराम पखवाजावर होता, त्याचा हात असा चालला की मांडवातले लोक उठून उठून दाद देऊ लागले. पुढच्या सतरंजीवरची एक बाई म्हणाली, "काय शब्द आहेत!" सासूने माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तिने माझा हात पहिल्यांदाच धरला होता. शेवटचं कडवं आलं.

"हरी म्हणे," तो गायला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सासूने माझा हात सोडला.  रवळनाथाच्या नावाने मीच तोंडातल्या तोंडात त्याला शिव्याशाप दिले.

मग धोंडूबुवाची पाळी. म्हातारा, किडकिडीत, पण डोळे चलाख. त्याने आधी पदाची तोंडभर स्तुती केली आणि मग पेटीवरचा हात काढून घेतला.

"बुवा, एक शंका आहे. गौळणीने सात ठिकाणी हंडी उतरवली, ती सात ठिकाणं कुठली? आणि आठव्या ठिकाणी का उतरवली नाही? पद तुमचं आहे, तेव्हा उत्तरही तुमच्याचपाशी असणार."

मला हसूच फुटलं. कट्ट्याच्या वाटेने हा माणूस जन्मभर हात हलवत आला-गेला होता. त्या ओट्यांवर बसून विड्या ओढल्या होत्या. ते कशासाठी बांधलेत हे त्याला कधी विचारावंसंही वाटलं नसेल.

"सात म्हणजे सप्तसूर," हरिश्चंद्र म्हणाला.

"आणि आठवं?"

"आठवं म्हणजे साक्षात परमेश्वर."

"मग परमेश्वराच्या दारी ओझं उतरवायला गौळणीला अडचण कसली?"

मांडव हसला. पुढच्या खुर्च्यांवरचे वकील-डॉक्टरही हसले. हरिश्चंद्राने घाम पुसला, काशीरामकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मग बुवाने डावीकडे, बायकांच्या दोरीकडे पाहिलं. त्याला ती दिसली. दुसऱ्या रांगेत, उजेडात, समोरच होती.

हे पद माझ्या बहिणीचं आहे, तिला विचारा. एवढंच त्याने म्हणायचं होतं. लोक हसले नसते. उलट त्याला डोक्यावर घेतलं असतं, आणि बारीही त्याचीच झाली असती. सासूने पदर सारखा केला, एक हात जमिनीवर टेकला आणि गुडघा उचलला. उठायच्या तयारीत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. 

मग त्याने नजर काढून घेतली. पुढ्यातला नारळ उचलला आणि धोंडूबुवापुढे ठेवला.

"या पदाचा उलगडा मला येत नाही. बारी तुमची."

माझं डोकं भडकलं. मी ताडकन उठले, सगळं ओरडून सांगणार होते, पण सासूने पदर धरून असा हिसका दिला की मी खाली आदळले. "बस," ती म्हणाली, "तुका कोणी बोलावल्यान नाय, माकाय नाय."

मांडवाबाहेर मंडळींनी तिला गाठलं. हरलेले लोक कुणावर तरी राग काढणारच. काशीराम म्हणाला, "चंद्रावती, तुका ठावक होता. एक हाळी मारूक काय झाला होता? गावाची अब्रू गेली."

"माका कोणी विचारल्यान?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. हरिश्चंद्र ट्रकच्या पलीकडे पाठ करून उभा होता.

उरलेल्या दोन रात्रींसाठी आम्ही थांबलो नाही. पहाटेपर्यंत एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. लांबून लाउडस्पीकरवर कुणाचं तरी भजन ऐकू येत होतं. मी तिला धीर द्यायला म्हणून म्हटलं, बरं झालं, सगळ्यांसमोर त्याचं नाक कापलं गेलं.  माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या नावाची चार अक्षरां गो, सुगंधा. सगळ्या लोकांसमोर तो हरलो, पण तेवढी तोंडातसून भायर काढूक नाय."