कौंडण्यपूरचा बोलपट

ज्याला फसवायचे, आधी त्याच्या पाया पडावे, हा नियम पाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा आतेभाऊ आहे. त्याला हसताना कुणी पाहिलेले नाही. अकोल्याच्या बाजारात त्याचा चेहरा पाहून अनोळखी लोक हळूच विचारीत, "कोन गेलं हो घरचं?" भर वैशाखात त्याने बडनेरा स्टेशनावर रिकाम्या बाटल्यांना बुचे मारून 'चिखलदऱ्याची थंड हवा' विकली. एक म्हातारा भांडायला परत आला, तर याने पुन्हा त्याचे पाय धरले. "बाबाजी, तुमी बूच उनात उघडलं काहून?" म्हाताऱ्याला आपली चूक पटली आणि जाताना तो आणखी एक बाटली घेऊन गेला. ऐकीव सांगत नाही. बुचे मीच मारली होती.

पुढे मोठ्या शहरांत सिनेमा बोलू लागल्याची बातमी आली. आतेभावाने कुठूनसा एक झिजलेला मूकपट भाड्याने आणला आणि कौंडण्यपूरच्या जत्रेत तंबू ठोकून तो 'बोलपट' म्हणून लावला. आमचा एक दोस्त हाताने मशीन फिरवी, मी करवंट्या आपटून टापा वाजवी, आणि पडद्यामागे उभा राहून राजा, राणी, राक्षस असे सगळ्यांचे आतेभाऊ बोले. त्याचा घोडा असा खिंकाळे, की नदीपलीकडच्या घोड्या दावी तोडीत. "पडद्याले देवानं तोंड देलं नाई," तो गंभीरपणे म्हणे, "मंग आपन द्याव. याच्यात पाप कायचं?"

एका संध्याकाळी खेळ सुटला आणि सुनेचा हात धरून एक आंधळी बुढी थेट पडद्यामागे आली. माळ्याची होती, जत्रेत झेंडूचे हार विकायची. बाहेर दुसऱ्या खेळाची गर्दी उभी. बुढीचा एक शब्द बाहेर गेला असता तर लोकांनी आम्हाला तंबूसकट नदीत बुडवले असते. तिने आतेभावाच्या तोंडावरून हात फिरवला.

"राजा तूच, रानी तूच, घोडाबी तूच. दमला असशीन बाप्पा. पानी पे."

सुनेने मग सांगितले. बुढीचा धाकटा मुलगा सिनेमाच्या कंपनीत जातो म्हणून मुंबईला पळाला होता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आहे की नाही तेही ठाऊक नाही.

"मले पाहाले डोये नाईत," बुढी म्हणाली. "सिनेमा बोलते म्हनून आली. म्हटलं, आयकू येईन त्याचा आवाज."

आतेभाऊ त्या दिवशी पाया पडला नाही. दुसरा खेळ झालाच नाही.

पुढे अमरावतीला खराखुरा बोलपट लागला, तेव्हा आयुष्यात दिलेला एकही शब्द न पाळलेल्या या माणसाने कौंडण्यपूरला बैलबंडी नेऊन बुढीला आणले. मी मागच्या बाकावर होतो. राजा बोलला, राणी बोलली, प्रधान बोलला. दर आवाजाला बुढी मान हलवी, "नाई." आणि तिच्याशेजारी आतेभाऊ हळूहळू खचत चालला होता. शेवटी राजा जिंकला आणि शेकडो गळ्यांनी एकदम जयजयकार केला. बुढीने आतेभावाचे मनगट घट्ट धरले.

"हा. हा माहा धाकटा. जिता हाय."

परतताना बंडीत ती लेकरासारखी झोपली.

"एवढे आवाज काढले मी," आतेभाऊ मला म्हणाला, "पन त्या कल्लोयातून एक आवाज मले वेगळा काढता येत नाई. तिले खरंच आयकू आला गड्या, का मले वाईट वाटू नये म्हनून बुढीनं मलेच फसवलं?"

बुढी आता नाही. मुलगा कधी परतला नाही. आतेभावाने त्यानंतर पडद्यामागे तोंड उघडले नाही. तो बोलपट मात्र पुन्हा कुठे लागला, की हा जातोच. राजाराणीच्या भाषणांत खुशाल पेंगतो आणि जयजयकार आला की डोळे मिटून कान देतो.

"सापडला का रे?" बाहेर आल्यावर मी विचारतो.

"नाई," तो म्हणतो. "आज गर्दी लय होती."