मौनातली इंग्रजी

त्या वर्षी मी सप्तशृंगीवर रागावले होते. ती आमची कुलदेवी. नाशिकहून सकाळच्या एसटीनं गडावर गेलं तर दर्शन घेऊन दिवेलागणीला घरी परतता येतं, त्यामुळे माझं तिच्याकडे जाणं-येणं माहेरासारखंच होतं. पोर नाही म्हणून भांडले नाही, बदलीसाठी कधी गाऱ्हाणं घातलं नाही. आणि तिनं काढून घेतला तो नेमका माझा आवाज. मी मुलींच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. सुताराला रंधा तसा बाईला आवाज, आणि माझा तर असा खणखणीत की माझा तास सुरू झाला की नाशिकच्या द्वारका चौकातली वाहतूक थांबते, असं आमचे हे चारचौघांत सांगत. देणारी तीच, नेणारीही तीच, हे तोंडानं म्हणणं सोपं असतं. स्वतःवर वेळ आली की कळतं, आपण ते किती वरवर म्हणत होतो.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर घसा बसला तो बसलाच. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या. संक्रांतीला तर 'गोड बोला' म्हणायलाही आवाज निघेना, तेव्हा ह्यांनी मला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याचं सांगितलं. ओरडून ओरडून होतात म्हणे, मास्तरांना आणि भाजीवाल्यांना. उपाय एकच, पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजीनं घसा आणखी बिघडतो. काही आठवड्यांनी पुन्हा पाहू, नाहीच जिरल्या तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा होईल याची हमी त्यांनी दिली नाही. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि घरी येऊन देवघरासमोर बसले. हात मात्र जोडले नाहीत.

माझ्या आवाजापेक्षाही मोठी काळजी घरात बसली होती. योगिता, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. चांदवडजवळच्या गावाहून ताईनं तिला शिकायला माझ्याकडे ठेवली होती. पोर हुशार. बाजाराचा हिशोब तोंडी करायची, एकदा ऐकलेली आरती पाठ म्हणायची. मराठी वाचताना जोडाक्षराशी अडखळायची, पण वेळ लावून पार पडायची. इंग्रजीत मात्र सहावीला एकदा नापास झाली होती आणि आता दुसऱ्यांदा सहावीतच होती. सहामाहीतही इंग्रजीनं दगा दिला होता. तिच्या कांदा पिकवणाऱ्या वडिलांचं, म्हणजे दाजींचं म्हणणं सरळ होतं. इंग्रजीवाचून कांदा काही अडत नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू, नाहीतर पोरगी घरी. दाजी मनानं वाईट नव्हते. नापास पोरीला गावात काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते त्यांना दिसत होतं. पण एकदा ती घरी गेली की तिची शाळा कायमची सुटणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं आणि शिकवायची रीत सगळीकडे एकच होती. बाई म्हणणार, 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर', आणि वर्ग ते घोळवून म्हणणार. मीही तशीच शिकले होते. योगिता या घोकंपट्टीत सगळ्यांच्या पुढे असायची, म्हणून परीक्षेत तिचं काय होतं ते मला कोडंच होतं. मौनाच्या पहिल्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बसली. मला म्हणून दाखवता येत नव्हतं, म्हणून मी नुसतं एका शब्दावर बोट ठेवलं. तिनं ताल धरला, 'एच ए एन डी हॅण्ड, हॅण्ड म्हणजे हात.' माझं बोट होतं 'डॉग'वर. दुसऱ्या शब्दावर ठेवलं, तिनं तिसराच म्हटला. पोरगी वाचत नव्हतीच. गाणं म्हणावं तसे तिनं वर्गात झालेले धडे पाठ केले होते, आणि माझ्या दणदणीत आवाजाखाली ते लपून गेलं होतं. एरवी मी तिथल्या तिथे घर डोक्यावर घेतलं असतं. आता ओरडायचीही सोय नव्हती. ती खाली मान घालून बसली आणि मी तिच्याकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात मी गडावर जायचं ठरवलं. खरं सांगायचं तर दर्शनाला नव्हे, जाब विचारायला. माझ्या वतीनं बोलायला म्हणून योगिताला बरोबर घेतलं. तिकिटं तिनं मागितली, नारळ-ओटीचा भाव तिनं केला. गाभाऱ्यासमोर आलो तेव्हा मी मनात जुळवून आणलेलं सगळं भांडण आठवू लागले, पण ओठ हलवायचीही बंदी. माझी ती तगमग बघून पोरीनंच हात जोडले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'आई, माझ्या मावशीचा आवाज परत दे.' स्वतःच्या पास-नापासाबद्दल एक अक्षर नाही. मला रडू कोसळलं.

आमच्या मागे सटाण्याकडची एक म्हातारी उभी होती. बाहेर आल्यावर तिनं मला पायरीवर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. योगितानं सांगितलं की मावशी बोलू शकत नाही, आणि देवीही काही बोलत नाही. म्हातारी हसली आणि अहिराणीत म्हणाली,

'माय बोलस का कधी? ती ऐकस. म्हनीसन तर तिनी मान कलती शे.'

एवढं बोलून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आपली पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरू लागली. तिचं नावही विचारायचं राहून गेलं. ती सांगत होती ते मला लहानपणापासून माहीत होतं. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसून देवीचं स्तवन म्हणतात आणि ते ऐकायला तिनं मान कलती केली आहे, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इतकी वर्षं मी तिच्यासमोर जाऊन आपलंच सांगून परत येत होते. ती ऐकते आहे, याचा अर्थ काय, ते मनाला कधी शिवलं नव्हतं. परतीच्या एसटीत राग निवळला होता. देवीला मनातच म्हटलं, बाई, तू मला गप्प केलं आहेस ना, मग आता तुझ्या मनात काय आहे ते तूच बघ.

दुसऱ्या दिवशी मी परातीत बाजरीचं पीठ पसरलं आणि त्यात बोटानं एक अक्षर काढलं. योगितानं ते गिरवलं आणि सवयीनं म्हणाली, 'एच'. मी माझा हात वर करून दाखवला. ती म्हणाली, 'हॅण्ड'. मी पुन्हा त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि थांबले. सांगता येत असतं तर सांगून मोकळी झाले असते. ती हॅण्ड, हॅण्ड असं हळू हळू म्हणत राहिली, मग नुसताच श्वास सोडला, 'ह्'. मी मान डोलावली. त्या पोरीचा चेहरा मला आजही दिसतो.

'मावशी, ही अक्षरं नाव एक सांगतात आन् बोलतात भलतंच. मी आपली नावंच जोडत बसले होते.'

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण अडचण अशी कुणी मला सांगितली नव्हती. आपल्या म चं नाव म आणि तो बोलतोही म. इंग्रजीत नाव एच आणि आवाज ह. बाकीच्या मुली हा खड्डा न बघताच उडी मारून जात, ही त्यात पडत होती. आणि नावं जोडून तर 'एचएएनडी' होतं, हॅण्ड कसं होणार? माझा आवाज असता तर ती नावं मी रोज आणखी मोठ्यानं म्हणत राहिले असते. आता घरात नावं उच्चारणारंच कुणी नव्हतं. मी अक्षर काढायची, वस्तू दाखवायची, ती गिरवून गिरवून आवाज शोधायची. चुकली की मी हात हलवायची, बरोबर आलं की मान डोलवायची. छोट्या बी आणि डी मध्ये ती कायम गोंधळायची. त्याची युक्ती तिनंच काढली. बी म्हणजे पोटुशी बाई, पोट पुढे. डी म्हणजे कांद्याची गोणी पाठीवर घेतलेला हमाल. काही शब्दांत एखादं अक्षर बोलतच नाही, जसा 'वॉक'मधला एल, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला फार मजा वाटली. कधी दोन पावलं पुढे तर कधी चार मागे, असं चाललं होतं. काही दिवस ती इतकी कंटाळायची की परात तशीच सोडून गच्चीवर निघून जायची. मी वाट बघत बसायची, कारण बोलावता येत नव्हतं. थोड्या वेळानं ती आपणहून यायची.

पुढे दोन हजार सालानंतर शाळेनं मला एका शिबिराला पाठवलं. तिथे आलेल्या बाईंनी 'अध्ययन अक्षमता' म्हणजे काय ते समजावलं. काही मुलांची बुद्धी चांगली असते, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड त्यांच्या डोक्यात सहज बसत नाही, परकी भाषा आली की त्यांची जास्तच दमछाक होते, आणि अशा मुलांना बोटानं गिरवायला द्यावं, एकेक आवाज सुटा करून द्यावा, वेळ द्यावा. त्यांनी टेबलावर वाळूचा ट्रे ठेवला, तेव्हा मला आमची परात आठवली. हे मला आधी कुणी शिकवलं होतं, याचा मी विचार करू लागले आणि वहीत काही लिहिणं मला जमलंच नाही. योगायोग म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मला जसं घडलं तसं मी सांगते आहे.

होळीच्या सुमारास डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून पाहिलं. गाठी बऱ्याच विरल्या होत्या. आवाज जरा घोगरा राहील, मोठ्यानं बोलायचं नाही, पण आजपासून हळूहळू बोलायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मी तरीही वाटेत बोलले नाही. पहिला शब्द घरी जाऊन देवासमोर काढायचा, देवीचा जयकार करायचा, असं मी ह्यांना पाटीवर लिहून दाखवलं.

घरी आलो तर दाजी बसलेले. ट्रॅक्टरचा सुटा भाग घ्यायला द्वारकेला आले होते, तिथून आमच्याकडे. योगिताची पेटी दारात भरून ठेवलेली होती. शिकवणारीच मुकी झाली, मग पोरीला दुसऱ्यांदा नापासाचा शिक्का कशाला मारून घ्यायचा, असा त्यांचा हिशोब. ताईचाही नाइलाज झाला होता. योगिता भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. मी पाटीवर लिहिलं, 'आधी तिचं वाचन ऐका.' दाजींनी पुस्तक घेतलं, मधूनच कुठलंतरी पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तो धडा मी तिला घेतलेला नव्हता.

ती खाली बसली आणि वाचू लागली. ताल नव्हता, घोकणं नव्हतं. एकेक अक्षर बोटाखाली धरून, आवाज जुळवून, शब्द झाला की पुढे. 'फार्मर', 'कट्स', 'मँगो', इथवर आली आणि अडली. शब्द होता 'नाइफ', सुरुवातीला के असलेला. ती म्हणाली 'क्', मग 'क्नि', आणि गप्प झाली. पुन्हा 'क्नि'. दाजी माझ्याकडे वळले. 'मास्तरीणबाई, लिहून का होईना, सांगा की तिला.' शब्द माझ्या जिभेवर होता. घशात आवाज होता, डॉक्टरांची परवानगी होती, आणि पोरीची शाळा त्या एका शब्दावर टांगलेली होती. इतके दिवस बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प होते. त्या क्षणी बोलता येत असून गप्प बसायचं होतं, आणि ते आधीच्या सगळ्या मौनाहून जड होतं. मी मनात म्हटलं, आई, आता तू आणि ती. आणि ओठ मिटून बसले.

बराच वेळ गेला. मग तिचं बोट पहिल्या अक्षरावरून सरकून दुसऱ्यावर आलं.

'नाइफ. चाकू,' ती म्हणाली. 'हा के गप्प बसलाय. मावशीसारखा.'

दाजींनी वाकून त्या के वर आपलंही बोट ठेवलं. मॅट्रिकला इंग्रजीनंच त्यांना आडवं केलं होतं आणि त्यानंतर त्यांनी शाळेचं नाव काढलं नव्हतं, हे मला ताईकडून माहीत होतं. पण त्या दिवशी ते जे बोलले, ते त्यांनी ताईलाही कधी सांगितलं नसावं.

'आमच्या टायमाला मास्तर असं थांबतच नव्हतं,' ते म्हणाले. 'मलाबी हितंच अडायचं.' मग उठून त्यांनी पोरीची पेटी दारातून उचलली आणि आत नेऊन ठेवली.

योगिता त्या वर्षी इंग्रजीत काठावर पास झाली. पुढेही काठाकाठानंच गेली, पण शाळा सोडली नाही. माझा आवाज आजही घोगराच आहे, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. म्हणून मी वर्गात फिरते, ज्या पोरी अडतात त्यांच्याजवळ जाऊन बसते. मागितलं होतं ते देवीनं अर्धंच दिलं, आणि उरलेल्या अर्ध्याची जागा तिला स्वतःच्या कामासाठी हवी होती, असं मी समजते. तिच्यावर सोपवणं म्हणजे हात झटकणं नव्हे. पोरीजवळ बसायचं, आणि देवीला तिचं काम करू द्यायचं. हे कळायला मला मुकं व्हावं लागलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

एक मात्र राहून गेलं. त्या दिवशी दाजी आत गेले आणि योगिता पुस्तकावर बोट तसंच धरून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं तेव्हा जयकार मनातच नव्हता. इतक्या आठवड्यांनी माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द होते, 'पुढचं वाच.'